किती दाती?

गेल्या श्रावणात माझी खालची उजवी दाढ मला सोडून गेली. तशी ती वर्षभर जायची तयारी करतच होती; थंड पाण्याचा घोट घेतला की एक कळ उठायची आणि कानामागे जाऊन बसायची. शेवटी डॉक्टरांनी ती काढून स्टीलच्या ट्रेमध्ये टाकली, तेव्हा ‘टण्’ असा जो आवाज झाला, तो एवढ्याशा वस्तूच्या मानानं फारच भारदस्त होता. मी मान वळवून पाहिलं. जिच्या जिवावर मी पंचेचाळीस वर्षं ऊस सोलला, चिवड्यातलं खोबरं चावलं, आणि एकदा पैजेखातर सोड्याच्या बाटलीचं बूच काढलं, ती ही? भिजवलेल्या वाटाण्याहून जरा मोठी, दोन मुळांवर टेकलेली, चहाच्या टपरीबाहेर उकिडवं बसून कुणाची तरी वाट बघणाऱ्या माणसासारखी. तिची जागा रिकामी झाली हे मला पटलं होतं, जिभेला नव्हतं. पुढचे पंधरा दिवस ती तिथं जाऊन येत होती, बंद पडलेल्या ओळखीच्या दुकानावरून उगाच एक चक्कर मारून यावी तशी.

त्याच संध्याकाळी भाचीचा फोन आला. ती इथंच नाशिकला दातांच्या कॉलेजात एमडीएस करते. बहिणीकडून तिला बातमी लागली होती. “मामा, दुखतंय का रे?” एवढं एका दमात विचारून उत्तराची वाट न बघता ती म्हणाली, “दाढ टाकली नाहीस ना? मला दे. सँपल कमी पडतायत.” माझ्या प्रकृतीची चौकशी इतक्या सरळ हेतूनं आजवर कुणी केली नव्हती. गंमत म्हणजे दाढ माझ्या शर्टाच्या खिशातच होती, कागदाच्या पुडीत. मी ती का मागून आणली होती, मला सांगता येणार नाही. अंगाचा तुकडा दुसऱ्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून घरी यायला पाय निघाला नाही, एवढंच. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं, दात मागायचा तो मामाकडेच, ही आपल्याकडची फार जुनी पद्धत आहे. फक्त तो मामा उंदीर असतो.

आमचं गाव घोटीच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत. पाऊस असा की कौलांना उन्हाळा म्हणजे सुट्टी. दुधाचा दात पडला की तो मुठीत घट्ट धरून अंगणात यायचं, उंदीरमामाला हाक मारायची, माझा घे आणि तुझा दे असं सांगायचं आणि दात कौलावर भिरकावायचा. त्या व्यवहारात केवढी दूरदृष्टी होती हे मला वयाची साठी जवळ आल्यावर भाचीनं समजावलं. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात. त्यांना एनॅमलचा, म्हणजे दातावरच्या त्या टणक चकाकत्या थराचा, लेप फक्त पुढच्या अंगाला असतो. मागची बाजू आधी झिजते आणि धार आपोआप राहते, सुताराच्या पटाशीसारखी. पुढच्या दातांना आपण ‘पटाशीचे दात’ म्हणतो, पण त्या नावाला खरा जागतो तो उंदीरच. रंग मात्र पिवळट नारिंगी, कारण त्या लेपात लोह असतं. उंदीरमामानं शब्द पाळला असता तर आज माझी दाढ शाबूत असती, मी हसलो की दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखा दिसलो असतो आणि दात फार वाढू नयेत म्हणून रोज रात्री जेवणानंतर टेबलाचा पाय कुरतडत बसलो असतो. शब्द त्यानं पाळला नाही हे एका परीनं बरंच झालं.

पण आपण तरी कुठं पाळला? १९५४ साली अमेरिकेत ओरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदीर जन्मापासून पूर्ण जंतुमुक्त वातावरणात वाढवले आणि त्यांना भरपूर साखरेचं खाणं दिलं. दाढा किडल्या नाहीत. साखर एकटी काही करू शकत नाही, तिला जंतूंची साथ लागते, हे त्यातून कळलं. मग १९६० साली कीज नावाच्या संशोधकानं हॅमस्टरवर प्रयोग करून दाखवलं की ही कीड एका जनावराकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. आपल्या घराघरांतल्या मुलांना ‘गोळ्या खाऊन झोपू नकोस’ असं जे दटावलं जातं, त्याच्या पाठीशी हे सगळे दाढ धरून बसलेले मामा आहेत. आपण त्यांच्याकडे मागितले दात आणि त्यांना दिली आपली कीड. (गणपतीच्या मूर्तीकडे बघताना मला आता उगाच हसू येतं. हत्तीचा सुळा म्हणजेही खरं तर पुढचा दातच. वर बसलेला एकदंत, आणि त्याला वाहून नेणाऱ्याला मात्र दात कधी कमीच पडत नाहीत.)

दाढ द्यायला मी स्वतः गेलो. कुरियरनं पाठवायची ती वस्तू नव्हे. भाचीच्या टेबलावर एक बरणी होती, आपल्याकडे लिंबाच्या लोणच्याची असते तशीच, रुंद तोंडाची. तिनं झाकण उघडलं आणि मला एकदम आजी आठवली. बरणीतून ओव्याचा वास येत होता. दात साठवायच्या पाण्यात थायमॉल घालतात, आणि थायमॉल म्हणजे आपलं ओव्याचं फूल. दात दुखला की आजी ओवा तव्यावर गरम करून पुरचुंडीत बांधायची आणि गालावर धरायची. बाहेर पाऊस, आत ओव्याचा धूर. आता तोच वास पन्नास-साठ अनोळखी दातांच्या अंगाला येत होता, ज्यांना दुखायचं काही उरलं नव्हतं. पाणी हलवलं की ते एकमेकांवर आपटून बारीक वाजायचे. लग्नाच्या पंगतीनंतर मागच्या दारी वाट्या विसळताना येतो तसा आवाज. त्यात कुणाच्या उपदाढा होत्या, तारा लावून दात सरळ करायच्या आधी जागा करण्यासाठी काढलेल्या. त्या अगदी कोऱ्या, न वापरलेल्या, एकदाही नीट कैरी न चावलेल्या. कुणाच्या अक्कलदाढा होत्या. अक्कल आली आणि लगेच काढून टाकावी लागली, असं ज्यांच्या बाबतीत घडतं त्यांच्याबद्दल मला नेहमीच आपुलकी वाटत आली आहे.

माझी पुडी तिनं उघडली, दाढ चिमट्यात धरून उजेडाकडे नेली आणि विचारलं, “मामा, तुझं वय किती?” तिला माहीत होतं, तरी विचारलं. मी म्हटलं, अठ्ठावन्न. ती जरा गप्प झाली. मग अवघडून म्हणाली की दातावर काय कितपत चिकटतं हे तपासायच्या प्रयोगांसाठी एक आंतरराष्ट्रीय संकेत आहे, आयएसओ ११४०५ नावाचा. माणसाचा दात घ्यायचा तर तो शक्यतो सोळा ते चाळीस वयाच्या माणसाचा असावा. नोकरीच्या जाहिराती, बँकेचं कर्ज, विम्याचा हप्ता, वधूवर सूचक मंडळ, सगळीकडे वयाची अट बघून झाली होती. पण काढून टाकलेल्या दाढेलाही वयोमर्यादा असते आणि तिथंही आपण अठरा वर्षांनी चुकतो, हे ऐकायला मन तयार नव्हतं. माझा चेहरा बघून ती म्हणाली, “प्रॅक्टिससाठी घेते ना! हात बसायला हवा आधी.” म्हणजे माझी दाढ कच्च्या वहीत.

मग तिनं दुसरी बरणी पुढं ओढली. तिच्यातले दात मोठे, रुंद, सपाट, फावड्यासारखे. “हे म्हशीचे.”

इथं मला थोडा वेळ खुर्चीत टेकून बसावं लागलं. झालंय असं की माणसाचे चांगले दात दुर्मीळ होत चालले आहेत. पूर्वी दात दुखला की काढून टाकायचे. आता डॉक्टर तो वाचवण्याचा आटापिटा करतात. रूट कॅनाल करतात, वर टोपी घालतात आणि दात असेल तिथंच राहतो. रुग्णाच्या दृष्टीनं ही प्रगती, संशोधकाच्या दृष्टीनं दुष्काळ. शिवाय जे दात हाती येतात ते किडलेले, तडकलेले, कुणी किती तंबाखू खाल्लाय याचा पत्ता नसलेले. त्यांच्यासाठी एथिक्स कमिटीची परवानगी काढा, संसर्गाची काळजी घ्या. म्हणून जगभरचे दंतसंशोधक गाई-बैलांच्या दातांकडे वळले. खालच्या जबड्यातला पुढचा दात घ्यायचा. तो मोठा असतो, त्याला सपाट जागा भरपूर असते. आणि जनावरांचा चाराही साधारण एकसारखा, त्यामुळे दातांमध्ये माणसांइतकी भांडणं नसतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. तेव्हा ही जबाबदारी म्हशीवर आणि बोकडावर आली. म्हशीनं ती नेहमीसारखी मुकाट्यानं उचलली. दूध द्यायचं, चिखलात बसायचं आणि मेल्यावर थिसिसला मदत करायची; तिच्याविषयी आजवर आपण म्हणीसुद्धा धड चांगल्या केल्या नाहीत.

गाईबद्दल मात्र एक म्हण केली आहे आणि ती चुकीची आहे. ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय.’ फुकट मिळालेल्या गाईचे दात काय बघायचे, असा तिचा भाव. पण गाय विकत घेतली, अगदी चेकनं पैसे दिले, तरी वरच्या जबड्यात पुढं दात नसतातच. तिथं हिरडीची एक कडक गादी असते. जिभेनं गवताचा पुंजका ओढायचा, खालचे आठ दात आणि वरची गादी यांच्यात दाबायचा आणि मानेला हिसका द्यायचा. वर पुढं एकही नाही, तरी मागच्या दाढा धरून हिशेब केला तर एकूण भरतात बत्तीस. गाय बत्तीस, म्हैस बत्तीस, शेळी बत्तीस आणि आपण बत्तीस. बत्तिशी हा शब्द आपण इतकी वर्षं केवळ स्वतःचाच समजून वापरत आलो, आणि गोठ्यात सगळेच बत्तिशीवाले बसलेले. युद्धात हरलेला माणूस दाती तृण धरायचा, म्हणजे मी तुझी गाय आहे, मला मारू नकोस. तो अभिनय वाटतो तितका दूरचा नव्हता.

अर्थात रचनेनं या सगळ्यांपेक्षा आपल्या जवळचं तोंड माकडाचं. माझ्या लहानपणी घरात माकडछाप काळ्या टूथ पावडरची डबी असायची. काळ्या भुकटीनं दात पांढरे होतात हे कोडं मला कधी सुटलं नाही, आणि दंतमंजनावर माकड कशाला, हे तर त्याहून नाही. आता सुटलं. आपल्या जबड्याच्या प्रत्येक पावात पटाशीचे दोन, सुळा एक, उपदाढा दोन आणि दाढा तीन. आणि आपल्याकडच्या माकडा-वानरांचाही हाच पाढा. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरी लागतं, हनुमानाचं जन्मस्थान म्हणून लोक तिथं डोंगर चढून जातात, आणि पायऱ्यांवर एखादं माकड हातातलं केळं हिसकावून, समोरच बसून, जराही संकोच न करता खातं. मागच्या खेपेला मी त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत बसलो. त्यानं दात विचकले. मला ते भांडण वाटलं नाही, मोजून घे म्हणाल्यासारखं वाटलं. पण प्रयोगशाळेला माकडाचा दात परवडत नाही. तो मिळणं अवघड, मागणं त्याहून अवघड, आणि आकारानं लहान. नात्यातल्या माणसाकडे उधार मागता येत नाही, तिथं शेजारीच उपयोगी पडतो, तसं हे.

म्हशीच्या दातांनाही अट होती. आयएसओच्या त्याच संकेतानुसार जनावर पाच वर्षांच्या आतलं हवं. भाची आणि तिची मैत्रीण जुन्या नाशकातल्या एका दुकानातून जबडे आणत होत्या, आणि दुकानदार प्रत्येक जबड्याबद्दल शपथेवर सांगायचा, “ताई, एकदम तरणी होती.” त्यांच्या पुस्तकांत एनॅमलच्या क्रिस्टलचा आकार होता, त्याखालच्या डेंटिनच्या थरातल्या सूक्ष्म नळ्यांची संख्या होती, पण समोरच्या जबड्याचं वय ओळखायचं कसं, याच्याशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. मी दोन जबडे हातात घेतले. अंगठा आपोआप दातांच्या कडेवरून फिरला. “ही सहा दाती आहे, घे. ही जुळून बरीच वर्षं झाली, बघ, कडा पार बसल्यात, ही नको.” दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. माझी दाढ नापास झाली होती त्याच टेबलावर माझा अंगठा पास झाला.

तो अंगठा आजोबांचा. घोटीचा जनावरांचा बाजार म्हणजे आमच्या लहानपणचं विद्यापीठ. पंचक्रोशीतले डांगी बैल यायचे, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे, ज्यांच्या तेलकट कातडीवरून मुसळधार पाऊस सरळ घसरून जातो असे. हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत भाव करायचे. वरून दोघांचे चेहरे असे कोरे की जणू देवळात उभे आहेत. आजोबा त्या गर्दीत कधी घाई करायचे नाहीत. बैलाच्या बाजूला उभं राहायचं, डाव्या हातानं नाकपुडीशी धरायचं, उजव्या हाताचा अंगठा तोंडाच्या कोपऱ्यातून आत सारायचा. पुढचे दात संपून दाढा सुरू होईपर्यंत मध्ये मोकळी जागा असते, तिथं बोट सुखरूप राहतं. मग खालचा ओठ खाली करायचा आणि एका नजरेत सांगायचं. दुधाचेच दात असतील तर ‘आदत’. दोन पक्के आले की ‘दुसा’, चार आले की ‘चौसा’, मग सहा दाती, आणि आठही आले की बैल ‘जुळला’. पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांनी येते आणि जुळायला साडेचार-पाच वर्षं लागतात. त्यापुढचं वय दात किती यावर नाही, किती झिजले यावर सांगायचं, आणि तिथं विकणाऱ्याचं तोंड आणि बैलाचं तोंड वेगवेगळं बोलू लागायचं. आजोबा बैलाचं ऐकायचे.

प्रयोग मी पाहिला, म्हणजे माझ्या दाढेच्या रंगीत तालमीला मी हजर होतो. आधी तिला गुलाबी ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात बसवलं, बर्फीत बदाम बसवावा तशी. मग पॉलिश पेपरवर घासून तिचा माथा सपाट केला. मग सदतीस टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिड पंधरा सेकंद लावलं. एवढ्या वेळात एनॅमलवर न दिसणारे खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत दात भरायचा मसाला घट्ट धरून बसतो. गिलाव्याआधी गवंडी भिंतीला टाचे मारतो, तेच. एनॅमल वजनानं जवळजवळ शहाण्णव टक्के खनिज असतं, अख्ख्या शरीरातली सर्वांत कठीण वस्तू, आणि सामू साडेपाचच्या खाली गेला की ते विरघळायला लागतं. आमच्याकडे द्राक्षबागायतदार फवारणीच्या पाण्याचा सामू डोळ्यांत तेल घालून बघतात. स्वतःच्या तोंडातला कुणी बघत नाही.

विरघळण्यावरून रामकुंड आठवलं. तिथल्या पाण्यात अस्थी विरघळून जातात अशी श्रद्धा आहे, आणि त्यासाठी लोक कुठून कुठून रेल्वेनं येतात, मांडीवर तांब्या घेऊन. आजोबांच्या अस्थी आम्ही तिथंच नेल्या. गुरुजींनी कापड सोडलं तेव्हा मी लहानपणाच्या निर्लज्ज कुतूहलानं त्यात दात शोधले. एकही नव्हता. ते सगळे आधीच गेले होते, एकेक करून, लांबच्या प्रवासाला निघताना सामान पुढं पाठवून द्यावं तसे. कुणी बांधावर पडला, कुणी गोठ्यात, एक तर भरल्या पंगतीत लाडवात राहिला.

ॲसिडनंतर मसाला लागला, आणि मग तो दात एका यंत्रात गेला जे त्याला आळीपाळीनं पाच अंशांच्या आणि पंचावन्न अंशांच्या पाण्यात बुडवतं. असं पाचशे वेळा. माणूस बर्फाचा गोळा खातो आणि लगेच वर चहा पितो, त्याची ही नक्कल. मला यंत्राची कीव आली. त्याऐवजी चार नाशिककर पकडून आणायचे, रविवारी सकाळी त्यांच्यापुढं मिसळ ठेवायची, उकळत्या रश्श्यावर गार दह्याचा चमचा, पुन्हा रस्सा, मध्ये पापड, शेवटी जिलबी; पाचशे काय, हजार फेऱ्या महिन्याभरात झाल्या असत्या आणि कुणी मोबदला मागितला नसता. ही सूचना भाचीनं गाइडपर्यंत पोचवली की नाही, कळलं नाही. सगळ्यात शेवटी एक पातं चिकटवलेल्या मसाल्यावर टेकवतात आणि मिनिटाला एक मिलिमीटर अशा गोगलगाईच्या वेगानं दाबत जातात, तो सुटेपर्यंत. इतक्या हळूहळू येणाऱ्या संकटाकडे बघताना श्वास रोखला जातो. ‘कट्’ असा आवाज झाला. आकडा तिनं वहीत लिहिला आणि पुढं कंसात ‘मामा’.

तिच्या टेबलावर झेरॉक्सची चळत होती. त्यात एक जुना शोधनिबंध होता, १९८३ सालचा, नाकामिची, इवाकू आणि फुसायामा या जपानी संशोधकांचा. माणसाचा दात आणि गाईगुरांचा दात, दोन्हींवर मसाला चिकटवून त्यांनी तुलना केली. गुरांचे आकडे किंचित कमी भरले. डेंटिनच्या खोल थरात तर चिकटपणा बराच घटला. पण एनॅमलवर आणि डेंटिनच्या वरच्या थरावर दोघांत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही. भाचीनं ते वाक्य हिरव्या पेननं अधोरेखित केलं होतं. गुरांच्या एनॅमलचे क्रिस्टल मोठे असतात, ॲसिडचा परिणाम त्यांच्यावर वेगानं होतो, म्हणून सरसकट एकाच्या जागी दुसरा बसवू नये, असंही तिनं मला बजावलं. मी मान डोलावली. पण घरी येताना, गोदावरीच्या पुलावर सिग्नलला थांबलो असताना, डोक्यात तेवढंच घोळत होतं. लक्षणीय फरक आढळला नाही.

आजोबांच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्या तोंडाचं बोळकं झालं होतं. जन्मतारखेचा दाखला नव्हताच. कुणी वय विचारलं की ते आम्हा पोरांना जवळ बोलवायचे, खालचा ओठ अंगठ्यानं खाली करायचे आणि म्हणायचे, “बघ रं, किती दाती?” आम्ही वाकून बघायचो आणि ओरडायचो, “आदत!” त्यावर ते इतके हसायचे की डोळ्यांतून पाणी यायचं. त्याच सुमारास गोठ्यातल्या कबऱ्या बैलाचेही पुढचे दात खुंट होऊन पडायला लागले. एकदा एक हेडी दारात आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो सहज उठला, कबऱ्याजवळ गेला आणि सवयीनं त्याच्या नाकपुडीकडे हात नेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बैलांची तोंडं उघडणारे आजोबा ओट्यावरून ताडकन उठले. “तोंड नको उघडू त्याचं,” एवढंच म्हणाले. हेडी चहा पिऊन गेला.

संध्याकाळी आजी चुलीशी दोन भांडी घेऊन बसायची. घमेल्यात सरकी आणि पेंड भिजत घातलेली. पितळीत नागलीची भाकरी, दुधात कुस्करलेली. दोन्ही ती त्याच हातानं कालवायची, गाठ राहिली नाही ना हे बोटांनी चाचपत. मग घमेलं गोठ्यात जायचं, पितळी ओट्यावर. गावात वीज आली होती पण पावसाळ्यात ती असायची नाही. आम्ही आत अंथरुणात पडलेले. आणि बाहेर अंधारात, पागोळ्यांच्या पलीकडून, सावकाश, मऊ, न थांबणारं चघळणं ऐकू यायचं. ओट्यावरचं कुठलं आणि गोठ्यातलं कुठलं, मी कान देऊन ओळखायचा प्रयत्न करायचो, आणि ओळखता ओळखता झोपून जायचो.